रात्रीची रोजकीर्द

इतिहासाच्या अभ्यासकाला जुन्या कागदाचें वेड असतें, आणि तें वयाबरोबर कमी न होतां वाढतच जातें, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. बखरीपेक्षां अस्सल कागदपत्रांवर भिस्त ठेवावी, हें राजवाड्यांनीं आम्हांस शिकविलें. तेव्हांपासून आमची अशी एक समजूत होऊन बसली आहे कीं, गोष्ट घडली त्याच दिवशीं, ज्याच्या हातून ती घडली त्याच्याच हातानें लिहिलेला कागद सांपडला म्हणजे निम्मा वाद मिटला. या समजुतीला जबर धक्का देणारा एक कागद गेल्या वर्षीं माझ्या हातीं आला. तो कोणत्याहि दफ्तरखान्यांतून आलेला नव्हता. अमेरिकेंत मुलीकडे गेलों असतां, इलिनॉय संस्थानांतील एका हमरस्त्यावर, मालमोटारी जेथें तेल भरण्यासाठीं थांबतात अशा ठिकाणच्या दुकानांत, हातमोजे, दोरखंड आणि कॉफीचे थर्मास यांच्या शेजारीं कोऱ्या पुस्तिकांचा एक गठ्ठा ठेवलेला दिसला. त्यांतली एक मीं विकत घेतली.

प्रत्येक पानावर एक लांबट चौकट छापलेली आहे. तिचे चोवीस उभे भाग म्हणजे मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचे चोवीस तास, आणि प्रत्येक तासाचे पुन्हां चार पाव. आडव्या ओळी मात्र चारच: पहिली कामावर नसल्याची, दुसरी गाडींतल्या बिछान्यावर निजल्याची, तिसरी गाडी हांकल्याची, आणि चौथी गाडी न हांकतां दुसरें काम केल्याची. ड्रायव्हरनें दिवसभर या चौकटींतून एकच अखंड रेघ ओढीत न्यावयाची. काम बदललें कीं रेघ वरच्या किंवा खालच्या ओळीवर जाते, आणि तो बदल कोणत्या गांवीं झाला तें खालीं लिहावें लागतें. सारें स्वहस्तें लिहावयाचें, शेवटीं सही करावयाची, आणि चारी ओळींतील तासांची बेरीज चोवीस भरली पाहिजे. आपल्याकडील व्यापाऱ्याला रोजकीर्दींत जमा आणि नांवें यांचा मेळ घालावा लागतो तसाच हा मेळ आहे. येथें रुपयांच्या जागीं मनुष्याचे तास मांडलेले असतात इतकाच काय तो फरक.

या वहीला ते लॉगबुक म्हणतात. शब्द समुद्रावरचा आहे. लॉग म्हणजे लाकडाचा ठोकळा. दोरीला ठराविक अंतरावर गांठी मारून तो ठोकळा जहाजावरून पाण्यांत सोडीत, आणि ठराविक वेळांत किती गांठी हातांतून सुटल्या त्यावरून जहाजाचा वेग काढीत. तो ज्या वहींत नोंदवीत ती लॉगबुक. खलाशांचा दिवस पूर्वीं मध्यान्हीं सुरू होई, कारण सूर्य माथ्यावर आला म्हणजे वेळ निश्चित करतां येई. ब्रिटिश आरमारानें १८०५ सालीं ही रीत टाकून जमिनीवरच्या लोकांप्रमाणें मध्यरात्रीपासून दिवस धरण्यास आरंभ केला. दिवस कोठें तोडावा हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, परंतु जो रात्रीं काम करतो त्याच्या दृष्टीनें तो मुळींच क्षुल्लक नाहीं, हें पुढें दिसेलच. जहाजावर पाळ्या असतात, एक निजतो तेव्हां दुसरा जागतो, आणि वही लिहिणारा अधिकारी असतो. मालमोटारीवर बहुधा एकच मनुष्य. तोच कप्तान, तोच खलाशी आणि तोच कारकून.

सरकारला ही वही कां पाहिजे झाली? आगगाडीच्या नोकरांना अमेरिकेनें १९०७ सालींच सोळा तासांची मर्यादा घातली होती. पण आगगाडी रुळांवरून जाते. स्टेशनें असतात, तारमास्तर असतात, गाडी कोठून किती वाजतां गेली याला पांच साक्षीदार मिळतात. मोकळ्या रस्त्यावर रात्रीं दोन वाजतां जाणाऱ्या मालमोटारीला चंद्राखेरीज साक्षीदार नाहीं. १९२९ नंतरच्या मंदींत मिळेल त्या दरानें माल वाहणाऱ्यांची रीघ लागली, आणि दर पडला कीं तो भरून काढण्याचा मार्ग एकच उरला: अधिक मैल, अधिक जागरण. त्या काळाचें चित्र ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं बेझेराइड्स यांच्या १९३८ च्या ‘लाँग हॉल’ या कादंबरीवरून १९४० सालीं निघालेला ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ हा बोलपट पाहावा. त्यांत हंफ्री बोगार्टनें रंगविलेला भाऊ चाकावर झोंप लागून हात गमावतो.

१९३५ च्या ऑगस्टांत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं मोटार-वाहतुकीच्या कायद्यावर सही केली, आणि ड्रायव्हरांच्या कामाचे तास ठरविण्याचा अधिकार आंतरसंस्थानी व्यापार मंडळाकडे आला. १९३७ च्या अखेरीस मंडळानें पहिला नियम काढला. कामगारसंघांना तो फार सैल वाटला आणि त्यांनीं तक्रार केली. १९३८ सालीं फेरविचार होऊन चोवीस तासांत दहा तास गाडी हांकण्याची मर्यादा ठरली, आणि आठवड्याचे एकंदर काम साठ तासांवरच राहिलें. जी कंपनी सातहि दिवस चालते तिच्यासाठीं आठ दिवसांत सत्तर. त्याच १९३८ सालीं अमेरिकेनें सर्वसामान्य कामगाराला आठवड्यांतील ठराविक तासांपलीकडे दीडपट मजुरी देण्याचा कायदा केला; आणि या ड्रायव्हरांचे तास दुसरें मंडळ ठरवितें म्हणून त्यांना त्यांतून वगळलें. माझ्या मतें पुढच्या साऱ्या कथेचें बीज या एका अपवादांत आहे. तास मोजावयाचे सरकारनें, आणि पैसे द्यावयाचे मैलांप्रमाणें. एकाच मनुष्याच्या रात्रीला दोन मापें लागलीं, आणि तीं कधींच जुळलीं नाहींत.

आतां रात्रीची एक खेप प्रत्यक्ष मांडून पाहूं. शिकागोचा एक ड्रायव्हर सायंकाळीं साडेसात वाजतां कामावर येतो, अर्धा तास गाडी तपासतो आणि आठ वाजतां पूर्वेकडे निघतो. चार तासांत तो ओहायोंतील टोलेडो शहराच्या आसपास येतो. त्याच्या कागदावर मध्यरात्र झाली. टोलेडोच्या घड्याळांत मात्र एक वाजला आहे, कारण तें शहर पूर्वेकडील वेळ पाळतें. परंतु नियम असा कीं वही नेहमीं आपल्या ठाण्याच्या वेळेप्रमाणेंच लिहावयाची. येथें एक पान संपलें. रेघ तिसऱ्या ओळीवरून चालत चालत कागदाच्या उजव्या कडेला येऊन पडते आणि दुसऱ्या पानावर डाव्या कडेपासून त्याच ओळीवर पुन्हां सुरू होते. गाडी क्षणभरहि थांबलेली नाहीं. आजच्या नियमाप्रमाणें तो पहाटे चार वाजतां, म्हणजे आठ तास हांकून झाल्यावर, अर्धा तास थांबेल, आणि साडेसातपर्यंत आणखी तीन तास हांकील. अकरा तास पुरे झाले. आतां दहा तास विश्रांति घेतल्यावांचून चाक फिरवितां येत नाहीं.

हीं दोन पानें निरनिराळीं हातांत घेऊन पाहा. पहिल्यावर साडेएकोणीस तास फुरसत, अर्धा तास तपासणी आणि फक्त चार तास गाडी. दुसऱ्यावर सात तास गाडी. एकहि पान अकरा तासांची रात्र दाखवीत नाहीं! दोन सज्जन, निवांत दिवस दिसतात. त्यांच्या मधल्या शिवणींत ती रात्र दडलेली असते. म्हणूनच चालू पानाबरोबर मागच्या सात दिवसांचीं पानें गाडींत बाळगण्याचें बंधन आहे, आणि तपासनीस तीं शेजारीं शेजारीं लावून पाहतो. विलायतेंत १९३० चा कायदा करणाऱ्यांच्या हें आधींच ध्यानांत आलें असावें. त्यांनीं अकरा तासांची मर्यादा घालतांना चोवीस तासांचा आरंभ मध्यरात्रीनंतर दोन तासांनीं धरला. अमेरिकेंतहि कंपनीची इच्छा असेल तर दिवस मध्यान्हापासून धरण्याची मुभा आहे, आणि तसें केलें तर सबंध रात्र एका पानावर मावते. १८०५ च्या आधींचा खलाशी हें पाहून हंसला असता.

१९६२ सालीं एक मोठा फेरफार झाला. ‘चोवीस तासांत’ हे शब्द नियमांतून गेले. दहा तास हांका, आठ तास थांबा, पुन्हां दहा हांका, असें झालें. दिसण्यांत मर्यादा दहाचीच राहिली. परंतु आतां कोणत्याहि एका चोवीस तासांत सोळा तास गाडी हांकणें कायदेशीर झालें. शिवाय दिवसच अठरा तासांचा झाला. आज रात्रीं आठला निघालेला मनुष्य उद्यां दुपारीं दोनला निघे, परवां सकाळीं आठला आणि त्यापुढें मध्यरात्रीनंतर दोनला. पृथ्वी चोवीस तासांत फिरते, मनुष्याची झोंपहि तिच्याबरोबर फिरते, आणि कागद अठरांत फिरूं लागला. चाळीस वर्षें हा नियम चालला. २००३ सालीं ठरून २००४ च्या जानेवारीपासून अकरा तास हांकणें व दहा तास विश्रांति अशी रचना आली. तेव्हां दिवस एकवीस तासांचा झाला, इतकीच सुधारणा.

आणि तरीहि, हा सैल नियम पाळूनहि, पोट भरत नसे. १९८० च्या कायद्यानें वाहतुकीच्या धंद्यावरचे जुने निर्बंध सुटले, नवे स्पर्धक आले, दर पुन्हां पडले. माल चढविण्यासाठीं गोदामाच्या दारांत चार-चार, सहा-सहा तास तिष्ठावें लागे. त्याचे पैसे बहुधा मिळत नसत, पण नियमाप्रमाणें ते कामाच्या चौथ्या ओळींत लिहावे लागत आणि आठवड्याच्या साठ-सत्तर तासांतून वजा होत. तेव्हां ड्रायव्हर ते तास दुसऱ्या ओळीवर लिही: मी निजलों होतों. कोणी दोन वह्या ठेवी, एक तपासनिसासाठीं आणि एक स्वतःच्या हिशेबासाठीं. ज्या गांवीं रात्रीं अकरा वाजतां पोंचला तेथें दहाला पोंचल्याचें लिहून एक तास झोंपेच्या खात्यांत टाकी. त्यांच्या बोलींत या वहीला ‘कॉमिक बुक’, म्हणजे मुलांच्या गमतीच्या चित्रांचें पुस्तक, असें नांवच पडलें होतें. १९६३ सालीं डेव्ह डडलीनें गाइलेल्या ‘सिक्स डेज ऑन द रोड’ या लोकप्रिय गीतांतला ड्रायव्हर आपली वही मागें पडल्याचें खुशाल सांगतो, आणि ऐकणाऱ्या लाखों लोकांना त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. जागरणासाठीं गोळ्या खाण्याची चालहि याच काळांतली. तपासनीस तेलाच्या पावत्या आणि रस्त्याच्या जकातीच्या चिठ्ठ्या वहीशीं ताडून पाहत. म्हणून जाणता ड्रायव्हर आधीं पावत्या मांडी आणि मग त्यांच्याभोंवतीं दिवस रची. आमच्याकडील एखाद्या बनावट सनदेचा कर्ता याहून अधिक कुशल असेल असें मला वाटत नाहीं.

त्या दुकानांत माझ्यामागें एक वृद्ध सरदारजी उभे होते. अमेरिकेंतील मालमोटारींवर पंजाबी मंडळी आतां पुष्कळ आहेत. माझ्या हातांतली वही पाहून ते हंसले, आणि आमचें हिंदींत बोलणें झालें. त्यांनीं कित्येक वर्षें कागदावर लिहिलें होतें. मीं जरा धीटपणें विचारलें, “सरदारजी, यांत खरें किती असे?” ते म्हणाले, “खोटें लिहिलें असें म्हणूं नका, प्रोफेसरसाहेब. नियमांत बसवून लिहिलें.” मग त्यांनीं माझी पेन्सिल घेतली आणि कोऱ्या पानावर एका दमांत एक नमुनेदार दिवस काढून दाखविला, कोठेंहि न अडखळतां, पायऱ्यापायऱ्यांची सुबक रेघ, बेरीज बरोबर चोवीस. “हा दिवस मीं हजार वेळां लिहिला,” ते म्हणाले, “जगलों एकदांहि नाहीं.”

तें पान माझ्यापाशीं आहे, आणि माझ्या जुन्या समजुतीला धक्का बसला तो त्यानेंच. स्वहस्तें लिहिलेला, त्याच दिवशींचा, सहीचा कागद, आणि तरीहि घडलेल्या गोष्टीचा पुरावा नव्हे. कोणी म्हणेल, मग तो टाकून द्या. मला तसें वाटत नाहीं. वहींतली झोंप खोटी असेल, पण तेवढी झोंप लिहिल्याशिवाय त्याला काम मिळत नव्हतें हें खरें आहे, आणि किती झोंप चोरावी लागे याचें मापहि त्याच रेघेंत सांपडतें: जेथें रेघ फारच सरळ, जेथें वेळा नेमक्या तासांवर पडलेल्या, तेथें रात्र सर्वांत वाईट गेली असली पाहिजे. ज्याला आपण लबाडी म्हणतों ती कोणाच्या फायद्याची होती हेंहि विचारावें लागतें. माल वेळेवर मागणारा, दर ठरविणारा, गोदामाच्या दारांत तिष्ठत ठेवणारा, यांपैकीं एकाचीहि सही त्या पानावर नसते. असते ती एकट्या ड्रायव्हरची.

लबाडी थांबविण्यास यंत्र आलें. यूरोपांत तें फार लवकर आलें. १९७० सालच्या नियमानें तेथें गाडीचा वेग आणि वेळ आपोआप कोरणारें उपकरण सक्तीचें झालें, आणि विलायतेंतील ड्रायव्हरांनीं त्याला गाडींतला हेर म्हणून शिव्या घातल्या. अमेरिकेंत १९८८ पासून तें ऐच्छिक होतें. सक्तीचा एक प्रयत्न २०११ सालीं न्यायालयानें रद्द केला, कारण या उपकरणाच्या साहाय्यानें कंपन्या ड्रायव्हरांचा छळ करतील या आक्षेपाचें समाधान सरकारला करतां आलें नाहीं. पुढच्याच वर्षीं कायदेमंडळानें कायदा केला, २०१५ सालीं नियम निघाला, आणि १८ डिसेंबर २०१७ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांची कागदी वही गेली. आतां यंत्र एंजिनाशीं जोडलेलें असतें. चाक फिरूं लागलें कीं रेघ स्वतः तिसऱ्या ओळीवर चढते. मध्यरात्र येते आणि जाते, पान स्वतः उलटतें.

परंतु यंत्राला फक्त चाकाचें ज्ञान आहे. गाडी उभी असतांना आंतला मनुष्य निजला आहे, कीं गोदामाच्या दारांत जागा तिष्ठत आहे, हें अजूनहि तो स्वतः सांगेल तेंच. म्हणजे लबाडी तिसऱ्या ओळीवरून उठून उरलेल्या तीन ओळींवर राहावयास गेली. दुसरीहि एक गोष्ट झाली. पूर्वीं अकरावा तास संपण्याच्या सुमारास जागा न मिळाली तर मनुष्य आणखी वीस मैल जाऊन सुरक्षित ठिकाणीं थांबे आणि कागदावर तें सांवरून घेई. आतां घड्याळ सांवरून घेत नाहीं. हमरस्त्यांच्या कडेला, वळणवाटांवर, रात्रीं ओळीनें उभ्या असलेल्या मालमोटारी मीं पाहिल्या त्या यामुळेंच. २००९ सालीं ओस पडलेल्या तेलाच्या ठाण्यावर गाडी लावून थांबलेल्या एका ड्रायव्हरचा लुटारूनें खून केला, आणि त्यानंतर २०१२ सालीं अशा गाड्यांच्या थांब्यांसाठीं कायदा करावा लागला; तरी जागेची टंचाई संपलेली नाहीं. सक्तीनंतर झालेल्या एका अभ्यासांत तासांचा नियम मोडण्याचें प्रमाण घटलेलें आढळलें, पण अपघात घटलेले आढळले नाहींत. उलट लहान कंपन्यांचे ड्रायव्हर अधिक वेगानें जाऊं लागले होते. हें होणारच होतें. घड्याळ ताणतां येईना तेव्हां मैल ताणले गेले.

या साऱ्या इतिहासांत मला सर्वांत नवल वाटतें तें असें कीं, रात्रीच्या अपघातांच्या भयानें जन्मलेल्या या नियमांत रात्र असा शब्दच जवळजवळ नाहीं. दिवसाढवळ्या हांकलेले अकरा तास आणि सूर्यास्तानंतर हांकलेले अकरा तास चौकटींत अगदीं सारखे दिसतात. यूरोपांत २००२ च्या एका निर्देशानें रात्रीं काम करणाऱ्याच्या एकंदर कामाला दहा तासांची निराळी मर्यादा घातली. अमेरिकेंत एकदांच तसा प्रयत्न झाला: जुलै २०१३ पासून आठवड्याच्या मोठ्या विश्रांतींत मध्यरात्रीनंतरच्या एक ते पांच या वेळेच्या दोन रात्री असल्याच पाहिजेत असें ठरलें. कंपन्यांनीं ओरड केली, आणि १७-१८ महिन्यांतच, डिसेंबर २०१४ मध्यें, कायदेमंडळानें तें स्थगित केलें. सरकारच्या कागदावर रात्र अवतरली ती तेवढीच.

आपल्याकडे काय आहे, असें वाचक विचारतील. २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार-वाहतूक कामगारांचा कायदा होता, आणि कागदावर तो अमेरिकेच्या नियमाहून कितीतरी दयाळू होता: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पांच तासांनंतर अर्धा तास विसांवा. मात्र पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच तो मुळांत लागू होता. तरुणपणीं एकदां एस.टी. चुकल्यामुळें धुळ्याहून मुंबईस मालमोटारींतून येण्याचा प्रसंग मजवर आला होता. कसारा घाट उतरतांना ड्रायव्हर मोठमोठ्यानें गात होता; मला वाटलें गाण्याचा षोक दिसतो. खालीं आल्यावर क्लीनर हळूच म्हणाला, “काका, दोन रात्री डोळा लागलेला नाही त्यांचा.” त्या गाडींत कसलीहि वही नव्हती, आणि म्हणून त्या रात्रीचा खोटाहि कागद कोठें नाहीं.

अमेरिकेंतल्या रात्रींचे तरी उरले असतील, अशी माझी कल्पना होती. ऐंशी वर्षें, लाखों माणसांनीं, रोज एक पान! श्रमिकांच्या हातची एवढी मोठी रोजकीर्द जगांत दुसरी नसेल. परंतु नियम पाहिला तेव्हां कळलें कीं कंपनीनें हीं पानें सहा महिने ठेवलीं म्हणजे पुरे. त्यापुढें तीं जपून ठेवण्याचें बंधन नाहीं, आणि बंधन नसलेला खोटा कागद कोण जपतो? २००० सालापूर्वींचें एंजिन असलेल्या गाड्यांना यंत्राची सक्ति नाहीं, म्हणून त्या दुकानांत कोऱ्या वह्या अजून विकावयास असतात. माझ्या मेजावरच्या वहीचीं पानें कोरीं आहेत. फक्त पहिल्यावर सरदारजींनीं पेन्सिलीनें काढलेला तो दिवस आहे, आणि सहीची जागा त्यांनीं मोकळी सोडली आहे.